दारातल्या गाणाऱ्यांचा शिधा

मंगळवार, ९ डिसेंबर

सगळ्यात आधी आला तो पेटीवाला. जाहिदा काय बी म्हणू दे. ती म्हणती उंच बाई आधी आली, पण ती तर तिच्या बांगड्यांच्या दुकानाचं शटर वडत होती, तिला काय दिसणार? मी उंबऱ्यावर वाती वळत बसलेली. दिवेलागणीची वेळ. आधी गळ्यात पेटी अडकवलेला म्हातारा, त्याच्या मागं उंच बाई, मंग बाकीची मंडळी. सगळ्यांच्या अंगावर जुन्या सोलापुरी चादरी. तसला काठ आता कुणी काढत न्हाय. ती मिल बंद पडली तवा माझा शिवकुमार रांगत होता.

अक्षता म्हणाली होती, वहीत आधी आपलं नाव लिहायचं असतं. ते राहिलंच. मी शिवबाई. शाळा दुसरीपातूर. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, म्हणून मराठी लिहिताना मधीच कानडी येतं, ते येऊ दे. वही अक्षतानं दिली. ती माझी नात, पाचवीला हाय. म्हणाली, "आज्जी, तू रात्रंदिवस बोलतीस, मला अभ्यास सुचत न्हाय. हितं लिही की." शहाणी हाय लई. आन् गळा तर असा हाय की चर्चच्या शाळेतल्या सातपुते मिसनी नाताळच्या कार्यक्रमात तिला एकटीला गाणं दिलंय. लिंगायताची पोर, आन् येशूबाळाचं गाणं! मी म्हणलं, देव काय जात विचारून ऐकतो व्हय?

तर ती मंडळी. आमच्या गल्लीच्या तोंडाला चर्च, त्यामुळं डिसेंबरात कॅरल पार्टी दारात येणं नवं न्हाय. दर वर्षी येतात, गिटार वाजवतात, चकल्या खाऊन जातात. पण ही माणसं नवी. काय गायली ते सांगता येत न्हाय. माझ्या कानाला कानडी लागलं. सूनबाई राजेश्वरी म्हणाली, मराठी होतं की अव्वा. जाहिदा म्हणती, "कायका मराठी? साफ उर्दू था." येशूबाळाचंच असणार, दुसरं काय.

एक गंमत. पेटीवाला भाता हलवतच नव्हता. बोटं फिरायची, पेटी वाजायची. सराव लई असंल.

राजीनं चहा दिला. सगळ्यांनी कप हातात धरले, गाणं झाल्यावर परत ठेवले. साय तशीच. थंडीत चहाला नको म्हणणारी माणसं मी पयल्यांदाच बघितली.

शिवकुमारनं गाणं मोबाईलवर भरून घेतलं. त्याचं गिफ्ट आणि जनरलचं दुकान पुढं, आमी मागं राहतो. तो मोठा मॉल झाल्यापासून गिऱ्हाईक तिकडंच जातं. शिवकुमार परवा म्हणला, "अव्वा, हा नाताळ चालला न्हाय तर दुकान बंद. एमआयडीसीत कुटं तरी चिकटतो." बापानं घातलेलं दुकान. मी रात्री देवापुढं बसले होते, काय मागावं तेच सुचंना.

गुरुवार, ११ डिसेंबर

अगं बाई, काय गर्दी! शिवकुमारनं सकाळपासून त्या मंडळींचं गाणं स्पीकरवर लावलंय. आधी ती इंग्रजी गाणी लावायचा, घंटा वाजतात ती. लोक ऐकून पुढं जायचे. आज जाणारा माणूस थांबतोच. थांबला की आत येतो. आत आला की कागदाची चांदणी घेतो, टोपी घेतो, झाड घेतो. एक बाई डोळ्याच्या डॉक्टरकडं निघालेली, दोन चांदण्या घेऊन घरी गेली. डोळ्याचं विसरलीच. आमच्यातलीच होती, कपाळाला इबूत. मी विचारलं, चांदणी कशाला ओ घेतली? म्हणाली, कुणास ठाऊक, घ्यावी वाटली.

दिवेलागणीला मंडळी परत आली. आता आमच्यात रीत हाय, दारात गाणाऱ्याला रिकामं धाडायचं न्हाय. जंगमअय्या असू दे, वासुदेव असू दे, कुणी बी असू दे. माझ्या सासूबाईनं मला पयल्या दिवशी हेच शिकवलं, भाकरी नंतर. म्हणून मी सुपात ज्वारी घेतली, वर गुळाचा खडा ठेवला. उंच बाईनं झोळी पुढं केली पण दाणे घेईना.

"दाणे नकोत, आज्जी."

"मंग काय देऊ?"

"गळ्यात असंल ते घाला."

मला हसूच आलं. म्हणलं, ह्या वयात गळ्यात काय, इष्टलिंग सोडून? ती बी हसली. म्हणाली, "आईनं दिलेलं काहीतरी असंलच."

तवा मला आईची ओवी आठवली. सत्तरीत कोण विचारतंय ओवीला? राजी टीव्ही लावती, शिवकुमार मोबाईल बघतो. हिनं मागितली. मला काय झालं सांगू, अंगावर मूठभर मास चढलं. मी उंबऱ्यावर बसूनच गायले,

जात्याच्या पाळूवर ठेविते मी हात गं
दाण्यामागं दाणा जाई, दीस जाई त्यात गं

पुढं लई हाय, सगळी म्हणले. उंच बाई झोळीचं तोंड माझ्या तोंडाजवळ धरून उभी. ओवी संपली तशी तिनं झोळीला गाठ मारली, खांद्यावर टाकली. जड असल्यासारखी वाकली जरा.

शनिवार, १३ डिसेंबर

आज स्पीकरवर मी गात होते!

राजीनं मला ओढत दुकानात नेलं, "अव्वा, ऐका." त्या मंडळींच्या गाण्यात मधीच माझी ओवी, माझाच आवाज, पण लई तरणा. लग्नाआधी जात्यावर बसायची तवाचा. मला आईच्या घरातला पिठाचा वास आला. रडले मी तितंच, गिऱ्हाइकांच्या समोर. लोकांनी चांदण्या जास्तच घेतल्या.

मी शिवकुमारला म्हणलं, चांगलं भरलंस रे. तर म्हणतो, "मी न्हाय भरलं. मी त्या दिवशी दुकानात होतो." मंग राजीनं भरलं असंल. ती म्हणती तिनं बी न्हाय. भरलं असंल कुणीतरी, आजकाल मोबाईल कुणाकडं नसतो?

माझा घसा बसलाय. थंडी. हळदीचं दूध घेतलं.

एक मातुर झालं. आंघोळ करताना ओवी म्हणावी म्हणलं तर सूरच सापडंना. शब्द वर लिहिलेत ते वाचून बघितले. वाचून ओवी होत न्हाय. आईचं तोंड डोळ्यापुढं येतं, तिचे ओठ हलतात, पुढं काय न्हाय. थोडा वेळ कसंतरीच वाटलं. मंग ध्यानात आलं, दुकानात गेलं की ऐकायला मिळतीच की. जाऊन स्टुलावर बसले.

सोमवार, १५ डिसेंबर

आज उपास, त्यामुळं निवांत लिहिते. बोलायला बी होत न्हाय, नुसती फुसफुस निघती. बरं झालं वही हाय.

काल मंडळी आली तवा राजीनं आपलं जोगुळ घातलं झोळीत. अक्षता पाळण्यात होती तवा गायची ते, कानडीतलं. राजी एरवी माझ्यासारखी भोळी न्हाय. आधी म्हणाली, "मी कशाला गाऊ अव्वा, मला न्हाय येत." मंग उंच बाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं, आन् दुकानातली गर्दी बघून शिवकुमार मागून म्हणला, "गा की गं, एवढं काय." गायली. अक्षता दाराआड उभी होती, तिनं दोन्ही कान झाकून घेतले. आईचं जोगुळ ऐकून कान झाकती, काय म्हणावं ह्या पोरीला.

आज स्पीकरवर जोगुळ. काखेत पोर घेतलेल्या बायांची दुकानात रांग. पोरं गप झोपलेली, एक बी रडत नव्हतं. एवढी पोरं आन् चूं न्हाय.

मंग संध्याकाळी सातपुते मिस आल्या, संगट चर्चची पोरं, गिटार, टोप्या. दारात उभ्या राहून म्हणतात, "आज्जी, यंदाची आमची पहिलीच फेरी, तुमच्यापासून सुरुवात."

मी फुसफुसत म्हणलं, पहिली कशी? तुमची माणसं तर तीनदा येऊन गेली.

"कोण माणसं?"

मी सांगितलं, पेटीवाला, उंच बाई, चादरी. मिस म्हणाल्या, "आमच्यात पेटी कुणी वाजवत नाही आज्जी आता. वीसेक वर्षं झाली."

दुसऱ्या चर्चची असतील म्हणलं. सोलापुरात चर्च काय एकच हाय? मिसनी मान हलवली, पण पोरांनी गाणं म्हणलं तवा त्यांचं ध्यान आमच्या स्पीकरकडंच होतं. जाताना अक्षताला जवळ घेऊन म्हणाल्या, "चोवीसला साडेपाचला मी येते तुला घ्यायला. तोवर गळा जप."

बुधवार, १७ डिसेंबर

थोडंच लिहिते, अक्षता दिवा मालव म्हणती.

घरात भांडण न्हाय! आठ दिवस होत आले, मी आन् राजी एकदा बी भांडलो न्हाय. भाजीला मीठ जास्त पडलं तरी न्हाय. तिचा घसा बी बसलाय. आमी दोघी हातानं बोलतो आन् हसतो. घर कसं शांत, दुकान कसं गाजतंय.

अक्षतानं दुपारी स्पीकरची वायर उपटली. शिवकुमारनं तिला पाठीत धपाटा घातला. पण वाजतच राहिलं ते. हल्ली चार्जिंगचं असतं ना सगळं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

काल शिवकुमारची पाळी. त्याला गाणं कुठलं येतंय? शाळेत जनगणमनला बी ओठ हलवायचा नुसते. उंच बाईला म्हणला, "बाई, माझ्याकडं काय न्हाय ओ." ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला बोलवता ते."

तेच की! माझा शिवकुमार दुकानाच्या पायरीवर उभा राहून हाळी देतो ना, "या ताई, या मावशी, बघा तर खरं, बघायला काय लागत न्हाय!" ते त्याच्या बापाचंच हाय. मामा-मावशी करत माणूस आत वढायचं. बाप गेल्यावर पोरानं जसंच्या तसं उचललं, सूर बी तोच. मला आतल्या घरात कधी कधी वाटायचं, तेच बोलवायलेत.

झोळीत दिली त्यानं हाळी. हसत हसत दिली.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच हाळी चालू. "या ताई, या मावशी!" स्पीकरातनं. बाहेर गर्दी, आत शिवकुमार गल्ल्यावर बसलेला, तोंड मिटून. सामान देतो, पैसे घेतो, मान हलवतो. दमलाय पोरगा. मला वाटलं होतं दुकान चाललं की तो शीळ घालत जेवायला येईल, बापासारखा. न्हाय आला. ताट तितंच नेऊन दिलं.

जाहिदा दुपारी माझ्या शेजारी येऊन बसली. आवाज हळू करून म्हणती, "आज्जी, तुमें उनको क्या दे रैं, मालूम है क्या?"

मी हातानं विचारलं, काय?

"मेरे दरवाजे पे बी आये थे पैले दिन. मैं खोलीच नईं. अम्मी की सिखाई हुई नात, पैगंबर का गाना, मांग रई थी वो औरत. उसको कैसे मालूम मेरे कने है?" मंग माझा हात धरला तिनं. "शिवकुमारभाई मेरे कू कल से एक लफ्ज नईं बोले. और वो डब्बा बोल रा. छोरी को नक्को गाने दो उनके सामने. मेरी कसम है."

चांगली बाई हाय जाहिदा, तीस वर्षांचा शेजार. पण तिच्या दुकानात नाताळाचं काय बी न्हाय, गिऱ्हाईक सगळं आमच्याकडं. माणसाला वाटतं थोडं. मी तिला गुळपोळी दिली. तिनं खाल्ली न्हाय, पदरात बांधून नेली.

खरं सांगायचं तर मला बी रात्री झोप आली न्हाय. राजी अंधारात उठून बसलेली. रडत होती. आवाज नव्हता. खांदे हलताना दिसले म्हणून कळलं. मी पाठीवर हात फिरवला. काय झालं म्हणून विचारायचं होतं, घशातनं काय निघंना. ती अक्षताच्या उशाशी बसून तोंड उघडायची, मिटायची. उघडायची, मिटायची.

सर्दीच असणार. डॉक्टरनं दिवा टाकून बघितलं, म्हणला, गळा तर साफ हाय.

रविवार, २१ डिसेंबर

आज बाजाराचा दिवस असल्यासारखं! अकलूजहून माणसं आली, वैरागहून आली. चांदण्या संपल्या, शिवकुमारनं जुन्या आकाशकंदिलांना चंदेरी कागद लावून विकलं, ते बी गेलं. मॉलच्या माणसानं येऊन विचारलं म्हणं, हे गाणं कुठल्या कंपनीचं. आता दुकान बंद व्हत न्हाय. गड्ड्याच्या जत्रेला सगळ्यांना नवे कपडे, मी हातानं सांगितलं, शिवकुमारनं मान हलवली.

दिवेलागणीला मंडळी आली. आज जवळून बघितलं. पायात चपला न्हाईत, पण पाय कसे धुतल्यासारखे. एवढी गल्लीतली धूळ, उंबऱ्यावर एक बी पाऊल उमटलं न्हाय. रोज सारवत न्हाय मी आता, तरी स्वच्छ. गल्लीतलं कुत्रं भुंकायचं सोडून भिंतीला चिकटून बसलं होतं. चांगल्या माणसांपुढं जनावर बी नमतं.

उंच बाई म्हणाली, "आज्जी, आता लेकरू राहिलं."

मला किती आनंद झाला! मी वाटच बघत होते की. म्हातारीची ओवी घेतली आन् गुणाच्या पोरीकडं कुणी बघंना, मला बरं वाटत नव्हतं. मी अक्षताला हाताला धरून पुढं आणलं. पोरीनं काय केलं असंल? दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळे हे एवढे. मी हात सोडवायला गेले तर दातच लावले मला.

लाज वाटली. एवढी माणसं दारात, झोळी उघडी, आन् आपल्या घरातलं लेकरू असं करतंय. माझ्या सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? राजी आतनं धावत आली आन् पोरीला पोटाशी धरून उभी राहिली, माझ्या तोंडाकडं बघत. असं तिनं माझ्याकडं कधी बघितलं न्हाय, लग्न झाल्यापासनं.

पण उंच बाई रागावली न्हाय. म्हणाली, "ओढून घेत न्हाय आमी. तिनं आपणहून द्यावं, नायतर घरातल्या वडीलमाणसानं द्यावं. वडीलमाणसानं दिलेलं बी चालतं." आन् माझ्याकडं बघून हसली. किती मानानं बोलतात.

सोमवार, २२ डिसेंबर

आज दिवसभर इचार केला. एकटीनंच. बोलायला हाय कोण?

अक्षता सातवीला गेली की सातपुते मिस तिला पुण्याला पाठवा म्हणतात, गाणं शिकायला. मंग मुंबई. मंग लग्न. पोरी जातात. माझी आई गेली, तिची ओवी मी साठ वर्षं एकटीनं सांभाळली, आन् आता बघा, स्पीकरवर रोज ऐकते. शिवकुमारचा बाप गेला, त्याची हाळी बी तितंच. अक्षताचा आवाज एकदा तितं गेला की ती कुटं बी जाऊ दे, माझ्या उंबऱ्यावर ती रोज गाणार. मी मरेपातूर. मला अजून काय पाहिजे?

तिला कळत न्हाय, लहान हाय. दुपारी मी जाहिदाच्या दुकानात बांगड्या बघायला गेले तर माळ्यावर अक्षताचं दप्तर. त्यात कार्यक्रमाचा पांढरा झगा घडी घालून, एक टॉवेल, बिस्किटाचा पुडा. राजीची घडी हाय ती, मी ओळखते. मी दप्तराकडं बोट केलं तशी जाहिदानंच सांगितलं, ती, राजी आन् अक्षता, तिघींनी ठरवलंय, बुधवारी पोरीला दुपारीच जाहिदाच्या घरी न्यायचं, तितनं परस्पर चर्चमधी. जाहिदा हात जोडायली, "आज्जी, एक दिन का सवाल है. बच्ची को उसका गाना गाने दो, बस." मला म्हातारीला काय समजत न्हाय म्हणून सगळ्यांनी मिळून.

रागावले न्हाय मी. दप्तर घेऊन आले. सणाच्या दिवशी आपल्या दारात पाहुणे येणार आन् घरातलं लेकरू दुसऱ्याच्या घरी? झगा झटकून माझ्या पेटीत ठेवला, कुलूप घातलं. अक्षता माझ्या पायाला मिठी मारून बसली होती. दोन दिवस बोलायची बंद हाय ती, मुद्दाम. आज मातुर कानात एवढंच म्हणाली, "आज्जी, मला मिसच्या पुढं गायचंय. फक्त एकदा." आवाज कसला गोड पोरीचा. मी तिच्या केसातनं हात फिरवला. तिला सांगायचं होतं, गाशील की, रोज गाशील. घशातनं निघालं न्हाय म्हणून हितं लिहिते. मोठी झाली की वाचंल.

सातपुते मिसच्या घरी शिवकुमारकडनं चिठ्ठी धाडली, तुमी येऊ नका, पोरीला आज्जी आणून सोडंल. दार सारवून घेतलं. सूप घासून ठेवलं, रीत म्हणून. वडीलमाणूस मीच हाय घरात.

बुधवारी, दिवेलागणीला येतो म्हणालेत.